पुढच्या चाकांचा ब्रेक

बावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला ब्रेक शिकवायला जाऊ नये, असं मी अलीगंजात गॅरेज टाकल्यापासून येईल त्याला ऐकवत होतो. शहाण्णवच्या हिवाळ्यात माझी मिजास उतरली.

मेजर देवदत्त सरनाईकांचा उजवा पाय सुरुंगात गुडघ्याखालून गेला होता. रिटायर झाल्यावर त्यांनी मलिहाबादजवळ आंब्याची बाग घेतली आणि बागेत फिरायला चार चाकांची मोटरसायकल. ढेकळांवरून ती सहज जायची. अडचण थांबायची होती. मागचा ब्रेक उजव्या पायाचा, आणि नकली पायाला किती दाबलंय ते कळत नाही. पुढचा हाताचा, पण त्याचे ड्रम अगदीच पुचाट. दिवाळीत गाडी कालव्यात जाता जाता राहिली. तेव्हा त्यांच्या पत्नी कौमुदीताईंनी सांगून टाकलं, "उतारावर थांबवून दाखवा, नाहीतर विकून टाका." गिऱ्हाईकही त्यांनीच शोधलं.

मेजरसाहेबांनी परदेशातल्या मेव्हण्याकडून डिस्क ब्रेकचं किट मागवलं आणि थेट माझ्याकडे आले. तीन दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. पुढचे ड्रम काढले, पोलादी चकत्या बसवल्या, त्यांना दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड बसवले, नळ्या जोडल्या, ब्रेक ऑइल भरून त्यांतली सगळी हवा काढली. गॅरेजसमोर चालवून पाहिली. दोन बोटांनी दाबलं की जागच्या जागी उभी. माझी बायको नंदा म्हणाली, "चला, साहेबांची गाडी वाचली."

वाचलीच असती. पण टेम्पोतून मलिहाबादला नेताना तिच्यावर धूळ बसली, आणि मळकी गाडी ताब्यात द्यायची म्हणजे फौजी माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. इन्स्पेक्शनला आम्ही टायरसुद्धा तेलाच्या फडक्यानं पुसायचो. हात सवयीनं खिशातल्या तसल्याच फडक्याकडे गेला. टाकी पुसली, हँडल पुसलं, नव्या चकत्या तर लखलखीत केल्या.

कौमुदीताईंनी बांधाच्या उतारावर चुन्याची रेघ मारून घेतली होती. मेजरसाहेब वरून निघाले. रेघ आली, त्यांनी मूठ आवळली, आणि गाडी रेघ ओलांडून खालच्या पेंढ्याच्या ढिगात घुसली. लागलं नाही कुठे. कौमुदीताई ओरडल्याही नाहीत, त्याचीच मला भीती वाटली.

"बस, हो गया," त्या म्हणाल्या. "उद्या गिऱ्हाईकाला बोलावते."

"किटच बोगस निघालं, यार," मेजरसाहेब पेंढा झटकत म्हणाले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. "पंढरीनाथ, तुमचा काही दोष नाही."

मी चाकाशी बसलो, चकतीवरून बोट फिरवलं आणि सगळं ध्यानात आलं. गप्प बसलो असतो तर माझं नाव शाबूत राहिलं असतं आणि साहेबांची गाडी गेली असती.

"किट चांगलं आहे, साहेब," मी म्हणालो. "गाढव मी आहे. पॅडनं जिथे पकडायचं, तिथेच तेल चोपडलंय मी."

पेट्रोलनं चकत्या धुतल्या, किटमधले जादा पॅड बसवले. कौमुदीताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आता आधी तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "उजवा पाय वर घेऊन."

मी पाय मुडपून सीटवर घेतला. उतारावर गाडी सुटली तसा तो पाय आपोआप पेडल शोधायला लागला. मांडीखाली दाबून धरला तरी ऐकेना. मी सरळ घाबरलो. मग दोन बोटं आवळली आणि गाडी रेघेच्या हातभर अलीकडे उभी राहिली.

मेजरसाहेब काठी टेकत खाली आले. "पाय पेडल शोधत होता ना?"

"हो, साहेब."

"माझाही शोधतो. जो नाही तो. रोज."

कौमुदीताई मागेच उभ्या होत्या. "मला कधी बोलला नाहीत," त्या म्हणाल्या.

मी गाडी पुन्हा बांधावर चढवली. साहेब बसले, हँडल धरलं, पण निघेनात. तशा कौमुदीताई पुढे झाल्या, साडी सावरली आणि म्हणाल्या, "सरका जरा." आणि त्यांच्या मागे बसल्या.