दवाखान्यासमोरची माणसं

शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या हौसरावांना, म्हणजे गावाच्या आप्पांना, एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांनी फोन फिरवला की पन्नास माणसं उभी राहत. सोसायटीचे ते दोनदा चेअरमन होते. आता पद गेलं होतं, पण माणसं राहिली होती. बांधावरचं भांडण असो, मोजणी असो, तहसील कचेरीत अडलेलं काम असो, आप्पांच्या मागे गाड्यांची रांग लागायचीच. घरात कुणी आजारी पडलं तरी तेच. पुतण्या रविराज एकदा नुसत्या तापानं शिरूरला दाखल झाला होता, तर दवाखान्याच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. पेशंट दोन दिवसांत खडखडीत बरा झाला आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा करता करता त्यांच्या बायकोची, तुळजाबाईंची कंबर धरली. पण गावात नाव झालं. आप्पांनी माणसं लय जोडली, असं लोक म्हणत आणि आप्पा मिशीतल्या मिशीत हसत.

यात वाईट ते काय, असं तुम्हाला वाटेल. अडचणीला धावून जाणं ही आपल्याकडची चांगली रीत आहे, तिची चेष्टा करायची माझी इच्छा नाही. मी फक्त काय घडलं ते सांगणार आहे.

हौसरावांची सून नीलम दौंड तालुक्यातल्या खुटबावची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून तिचं नाव दौंडच्या एका दवाखान्यात घातलं होतं. पण उन्हाळ्यात तिथं एक म्हातारे गृहस्थ दगावले आणि नातेवाइकांनी दवाखाना फोडला. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हात मोडला. त्यानंतर त्या दवाखान्यानं अवघड बाळंतपणं घ्यायचं बंद केलं, आणि पहिली वेळ, काय सांगावं, म्हणून नीलमला सासरीच ठेवायचं ठरलं. फोडणाऱ्यांत रविराजही होता. वारलेला माणूस कोण, त्याला काय झालं होतं, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मित्राचा फोन आला, म्हणून तो गेला होता.

शिरूरला प्रगती डॉक्टरांचा दवाखाना होता. बाई केंदूरच्या शेतकऱ्याची मुलगी. तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेचं काम त्या बघत. हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं होतं. दवाखान्यांवरचे हल्ले थांबावेत, कायदा आहे तो नुसता पुस्तकात राहू नये, यासाठी अधिवेशनाआधी काही आमदारांना पुण्यात भेटायचं ठरलं होतं. मागण्यांचा मसुदा बाईंच्या टेबलावर होता आणि पेशंट बघता बघता त्या त्यात दुरुस्त्या करत होत्या.

त्या दिवशी निमोण्याला कांद्याची लागण चालू होती. तुळजाबाई मजूर बायकांसाठी भाकरी थापत होत्या. नीलम पाटावर बसून लसूण सोलत होती. नववा भरत आला होता. अचानक तिनं हातातला लसूण खाली टाकला आणि भिंत धरली. पोट दगडासारखं लागतंय, म्हणाली. तुळजाबाईंनी पाहिलं तर पाटाखाली रक्त. त्यांनी तव्यावरची भाकरी तशीच टाकली. सत्यजीत, म्हणजे नीलमचा नवरा, रांजणगावच्या कारखान्यात कामाला होता. त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होता, एवढंच नशीब. त्यानं गाडी काढली आणि तिघं शिरूरला निघाली. वाटेत नीलमनं सासूचा हात इतका घट्ट धरला होता, की तुळजाबाईंच्या बांगड्या मनगटात रुतल्या.

प्रगती डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. बाळाला पोसणारी वार आधीच सुटायला लागली होती. पोटावर यंत्र ठेवताच बाळाच्या ठोक्यांचा आवाज खोलीभर झाला. जलद होता, पण होता. ताबडतोब सिझर केलं तर दोघंही हाती लागतील, असं बाईंनी सत्यजीतला सांगितलं. नर्सनं सगळी तयारी केली. आता भूल देणारा डॉक्टर तेवढा हवा होता.

छोट्या गावांत तो प्रत्येक दवाखान्यात नसतो. बोलावला की येतो, भूल देतो आणि पुढच्या दवाखान्यात जातो. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडं हे काम संपत डॉक्टर करत. दौंडला हात मोडला तो त्यांचाच. तो आता सांधला होता. निघालोच, असं ते फोनवर म्हणाले.

बाहेर सत्यजीतनं संमतीची सही केली. रक्त पाहून तो भ्याला होता. भ्यालेला माणूस आपल्या घरात जे पाहिलं तेच करतो. त्यानं वडिलांना फोन लावला. हौसरावांनीही जे आयुष्यभर केलं तेच केलं. रविराजला फोन करून, असतील तेवढी पोरं घेऊन दवाखान्यात ये, म्हणून सांगितलं. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. आपली माणसं दिसली की डॉक्टर नीट लक्ष देतो, अशी त्यांची भाबडी समजूत होती. आपल्यापैकी किती जणांची नाही?

गाड्या येऊ लागल्या. आधी दोन, त्यांतल्या एकीत हौसराव, मग रस्ता भरून गेला. आत टेबलावर नीलमला सगळं ऐकू येत होतं. एका कानाला बाळाचे ठोके आणि दुसऱ्या कानाला गाड्यांची दारं आपटल्याचे आवाज. तिनं डोळे मिटले आणि फक्त ठोके ऐकायचा प्रयत्न केला.

व्हरांडा भरला. कुणी नर्सला अडवून विचारू लागला, कुणी मोबाइलवर चित्रण सुरू केलं. रविराजनं ऑपरेशनच्या खोलीचं दार वाजवलं.

"म्याडम, आमच्या वहिनीला काय कमीजास्त झालं, तर मग बघा. आधीच सांगून ठेवतोय."

त्याला वाटलं, आपण वहिनीसाठी बोलतोय. आत नर्सनं दाराला कडी लावली. बाईंनी खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर संपत डॉक्टरांची गाडी आली होती. गर्दी पाहून ती थांबली, आणि क्षणभरानं मागे मागे जात वळणाआड दिसेनाशी झाली.

बाईंनी फोन लावला. ठोके उतरतायत, मागच्या दारानं या, अशी त्यांनी गयावया केली. संपत डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कोपऱ्यावरून पाहिलं मी. तुमच्या व्हरांड्यात पुढं उभा आहे ना, तोच होता दौंडला. मला नाही जमणार. मला माफ करा." फोन बंद झाला.

प्रगती डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी खोटं सांगितलं. आमचं भुलीचं मशीन बिघडलंय, पेशंटला पुण्याला हलवा. शिरूरपासून पुण्यापर्यंतचा तो रस्ता त्यांना पाठ होता. रांजणगावला कामगारांच्या बसगाड्या, शिक्रापूरला कोंडी, वाघोलीला त्याहून मोठी. बाळ तिथवर टिकणार नाही आणि आईचाही भरवसा नाही, हे त्यांना समजत होतं. तरी तोंडातून तेच बाहेर पडलं. मला त्यांचा राग येतो. त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं की राग टिकत नाही, भीतीच वाटते.

गर्दीत गलका झाला. तुळजाबाई मात्र बाईंच्या मागोमाग आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मघाशी तयारी चालली होती तेव्हा मशीन चालू झालेलं त्यांनी दारातून पाहिलं होतं.

"ताई, खरं सांगा. तुमी भ्यालाय का?"

बाईंनी खाली पाहिलं. इतक्या वर्षांची दवाखान्यातली भाषा गळून गेली आणि केंदूरची बोली तोंडात आली.

"व्हय मावशी, भ्याले. भूल देनारा डॉक्टर बी भ्याला. ह्या लोकान्ला बघून कोपऱ्यावरनं माघारी गेला."

टेबलावर नीलमनं सासूकडं मान वळवली. "आत्या, ठोके कमी झाल्यात," ती म्हणाली. "जावा की बाहेर. सांगा की त्यास्नी."

नवऱ्यासमोर, भावकीसमोर कधी मोठ्यानं न बोललेल्या तुळजाबाई व्हरांड्यात आल्या. पदर सावरायचंही त्यांना भान नव्हतं. पन्नास पुरुष त्यांच्याकडं बघत होते.

"भूल देनारा डॉक्टर तुमच्या भीतीनं पळून गेलाय," त्या म्हणाल्या. "तुमी हितं हाय तवर त्यो यायचा न्हाई, आन् माझी सून आत तशीच रगात जाऊन मरंल. जावा समदी घरला. रवी, तू आधी जा."

रविराज हसल्यासारखं करून म्हणाला, "काकी, आमी तुमच्यासाठीच आलोय."

"माझ्यासाठी आलाय ना? मग माझ्यासाठी जा."

कुणी हललं नाही. सगळ्यांनी हौसरावांकडं पाहिलं. बायकोनं चारचौघांत असं बोलावं, हे त्यांना नवीन होतं. शेवटी त्यांनी, निघा, अशी हातानं खूण केली. माणसं एकेक करून जिना उतरू लागली. काही पुटपुटत गेली. गाड्या वळवायलाही वेळ लागला, कारण त्या एकमेकींत अडकल्या होत्या. मदतीला आलेल्यांनी रस्ता असा बंद करून ठेवला होता.

सत्यजीत पळत संपत डॉक्टरांच्या घरी गेला. त्याला येताना पाहून त्यांच्या बायकोनं लोखंडी दाराला कुलूप घातलं. सत्यजीतनं जाळीतून हात जोडले. गेली सगळी माणसं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. संपत डॉक्टर आतल्या खोलीतून ऐकत होते. मग ते उठले आणि त्यांनी स्वतः कुलूप काढलं. दवाखान्यात शिरताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. आत जाताच मात्र त्यांनी सुई घेतली आणि भूल दिली.

नीलम वाचली. बाळ बाहेर आलं तेव्हा ठोके थांबले होते. प्रगती डॉक्टर आणि नर्स त्या एवढ्याशा छातीवर बोटांनी दाब देत राहिल्या, श्वास भरत राहिल्या. मुलगी होती. ती रडली नाही.

ही बातमी बाहेर गेली आणि रविराजचा फोन पुन्हा वाजू लागला. दोन गाड्या चौकातून परत दवाखान्याकडं फिरल्या. दवाखान्याचं खालचं शटर ओढून घेतलं गेलं. आत दोन डॉक्टर आणि नर्स, रक्तानं भरलेले कपडे न बदलता, एका खोलीत बसून होते. पेशंटला सोडून जाता येत नव्हतं आणि थांबायचा धीर होत नव्हता. नीलम अजून भुलीच्या गुंगीत होती.

रविराजनं जिन्याखाली चुलत्याला गाठलं. "आप्पा, आता सोडायचं न्हाई ह्यांना."

हौसराव पायरीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली नात होती.

"अजून सोडायचं काय ऱ्हायलंय?" ते म्हणाले. "घरी जा, रवी. आन् परत मी बोलावलं तरी येऊ नको."

ते शटरला पाठ लावून तिथंच बसून राहिले. त्यांना ओलांडून वर जायची कुणाची हिंमत झाली नाही.

यानंतर प्रगती डॉक्टरांनी मसुदा पुन्हा लिहायला घेतला. हल्लेखोरांना शिक्षा हवीच, ती मागणी राहिली. पेशंटबरोबर दोनच माणसं आत असावीत आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर चोवीस तास असावा, या दोन मागण्या वाढल्या. वर त्यांनी आणखी एक वाक्य घातलं. आम्ही भीतीपोटी पेशंट पुढं पाठवतो आणि ते वाटेत दगावतात. संघटनेतले ज्येष्ठ हबकले. हे आपणच कसं कबूल करायचं, उद्या आपल्यावरच खटले होतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते वाक्य काढणार असाल तर मला नेऊ नका, असं बाईंनी सांगितलं.

तपासणीला आलेल्या नीलमला हे कळलं. मलाही न्या, ती म्हणाली. घरातलं दुःख चव्हाट्यावर कशाला, असं सत्यजीतला वाटत होतं. तुळजाबाईंनी लुगडं बदललं आणि सुनेबरोबर गाडीत जाऊन बसल्या.

पुण्यातल्या त्या सभागृहात डॉक्टर बोलले, आकडे सांगून झाले. प्रगती डॉक्टरांनी आपलं खोटं, आपली भीती सगळ्यांसमोर सांगितली. समोर बसलेल्यांपैकी एक आमदार बाहेरच्या जिल्ह्यातले, वयस्कर, बोलायला मऊ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टर, तुमचं पटतं मला," ते म्हणाले. "पण घरातलं माणूस गेल्यावर लोकांचा तोल जातो. त्या दुःखाला आम्ही तुरुंगात कसं टाकायचं?"

काही जणांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या रांगेत नीलम उभी राहिली. पोटावरचे टाके अजून ओढत होते, म्हणून तिनं पुढची खुर्ची धरली होती. इतक्या लोकांसमोर बोलायची तिला भीती वाटत होती, हे दिसत होतं.

"सायेब, मानूस गेल्यावर न्हाई," ती म्हणाली. "गाड्या आल्या तवा माझी लेक जिती व्हती. मी तिचं ठोकं ऐकत व्हते."

एवढं बोलून ती खाली बसली. उद्या आपल्याला असाच एखादा फोन येईल आणि आपण गाडीची किल्ली उचलू, तेव्हा निदान ते ठोके आपल्याला ऐकू यायला हवेत.