लोर्नाची मुलाखत

मला डिझाइनच्या धंद्यात आणलं ते लोर्ना प्रुइटनं. त्याआधी मी सिअ‍ॅटलमध्ये एका पावाच्या कारखान्यात होते. कुठली गाडी कुठल्या हॉटेलकडे आधी जाणार हे ठरवणं, एवढंच माझं काम. लोर्ना एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइन प्रोग्रॅम मॅनेजर होती, म्हणजे डिझाइन करणाऱ्यांच्या कामांचा मेळ घालणारी. माझा अर्ज समोर ठेवून तिनं विचारलं, "इथं का आलीस?"

"खरं सांगू? डिझाइनमधलं मला काहीच कळत नाही."

"मलाही नाही. ते कळणारी तीस माणसं आहेत इथं. कुणाचं काम कुणापायी अडलंय आणि कोण ते कबूल करत नाहीये, हे आपल्याला कळलं म्हणजे झालं. पाव शिळा होतो हे तुला माहीत आहे ना? मग पुरे."

ती स्वतः अशीच फिरत फिरत तिथवर आली होती. अकरा वर्षं नाटक कंपनीत पडद्यामागची व्यवस्था पाहिली, मग नकाशे छापणाऱ्या छापखान्यात होती, मग टकोमाच्या गोदीत मासेमारी बोटींच्या दुरुस्तीचं वेळापत्रक सांभाळलं. प्रत्येक ठिकाणाहून तिनं काही ना काही उचललं होतं. "मी तयार नाही, असं नट कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, दोन मिनिटं," ती सांगायची. "आणि गोदीत जो मिस्तरी शीळ घालत फिरतोय, त्याचाच सुटा भाग आलेला नसतो." आमच्या कंपनीतले शीळ घालणारे तिनं मला पहिल्याच आठवड्यात दाखवून दिले.

पाच वर्षं मी तिच्या हाताखाली काढली. मग दुसऱ्या कंपनीत वरची जागा मिळाली आणि मी गेले. जा म्हणून तिनंच मागं लकडा लावला होता.

दोन वर्षांनी एका मंगळवारी सकाळी तिच्या कंपनीनं अकराच्या अकरा प्रोग्रॅम मॅनेजर काढून टाकले. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर. लोर्ना तेव्हा छप्पन्न वर्षांची होती.

सुरुवातीला ती नोकरीच्या अर्जांना येणारे नकार हसण्यावारी न्यायची. "आज चार मिनिटांत नकार आला बघ. नाटकातसुद्धा माणसाला निदान पहिला प्रवेश करू देतात." सोळा महिने असे गेल्यावर तिनं हे सांगणं बंद केलं. मीही विचारणं बंद केलं.

मग आमच्याकडे जागा निघाली. लोर्नाचा अर्ज संगणकानं पहिल्याच चाळणीत बाजूला टाकला होता. मी तो हातानं बाहेर काढला आणि ग्रॅहमला दाखवला. ग्रॅहम स्ट्राउड आमच्या डिझाइनचा प्रमुख, वय चौतीस.

"नाटक, छापखाना, बोटी," तो म्हणाला. "ही बाई नेमकी आहे कोण?"

"माझंही असंच होतं की. पावाचा कारखाना."

"तेव्हा कुणालाही घेत होते गं. आज तुझा अर्ज आला असता, तर तुला तरी कुठं घेतलं असतं?" तो हसला. मीही हसले. त्या संध्याकाळी मी माझ्या बायोडेटातून कारखान्याची ओळ काढून टाकली.

मुलाखतीला आम्ही चौघं होतो. लोर्ना नवा कोट घालून आली होती. उत्तरं नेमकी देत होती, कुठं अडली नाही. शेवटी ग्रॅहमनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "तुला काही विचारायचंय?"

ती भिंतीवर लावलेल्या, आमच्या नव्या सॉफ्टवेअरच्या वेळापत्रकाकडे बघत म्हणाली, "हे मार्चमध्ये बाहेर पडणार म्हणता. पडणार नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

ग्रॅहमनं घड्याळाकडे पाहिलं.

"भाषांतर जानेवारीत सुरू होतंय, आणि ज्या शब्दांचं भाषांतर करायचं ते ठरणार फेब्रुवारीत. कुणाच्या तरी लक्षात आलंच असेल."

माझ्या लक्षात ऑक्टोबरमध्येच आलं होतं. मी गप्प बसले होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून वही मिटली.

नंतर मतं लिहायची होती. ग्रॅहम आणि आणखी एक जण म्हणाले, नको. एकीनं लिहिलं, घ्या. मी 'घ्या' लिहिलं असतं, तर दोनाला दोन होऊन पुन्हा बसावं लागलं असतं. मी लिहिलं, 'सांगता येत नाही.'

फोन मलाच करायचा होता.

"लोर्ना, यावेळी आम्ही जरा वेगळ्या…"

"रेना, मला ते वाक्य येतं. ते मीच तुला शिकवलंय. खरं काय ते सांग."

"त्यांना एकाच रेषेत वर चढलेलं माणूस हवंय."

"आणि तुला?"

"मतं चौघांची होती," मी म्हणाले. ती म्हणाली, "बरं. भाषांतराचं तेवढं तू पुन्हा सांग त्यांना. माझं कुणी मनावर घेणार नाही." आणि तिनं फोन ठेवला.

मी सांगितलं नाही. मार्च हुकला. जूनमध्ये जे बाहेर पडलं, ते तीन भाषांमध्ये अर्धवट होतं. ऑगस्टमध्ये ग्रॅहमची बढती झाली आणि माझी जागा रद्द होऊन नोकरी गेली.

महिनाभर धीर होत नव्हता. मग एका दुपारी मी तिला फोन लावला. टकोमाचं घर सोडून ती स्पोकॅनला बहिणीकडे राहायला गेली होती. तिथल्या एका दंतवैद्याकडे आठवड्यातून तीन दिवस रोग्यांना वेळा द्यायचं काम करत होती.

"चांगलं आहे का काम?"

"काम आहे."

मी माझं सगळं सांगितलं. ऑक्टोबरचंही सांगितलं, मताचंही.

"मत काय दिलंस, ते कळलंच होतं मला," ती शेवटी म्हणाली. "तू तर फोनवर नीट खोटंही बोलू शकली नाहीस."

"लोर्ना, आता मी काय करू? तू माझ्या जागी असतीस, तर काय केलं असतंस?"

"मी तुझ्याच जागी होते, अगं. जे सुचलं ते सगळं केलं." पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. "पूर्वी विचारलं असतंस, तर सांगितलं असतं. आता मला खरंच माहीत नाही."

रोगी वाट बघतायत, असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा फोन केला. तिनं उचलला नाही. मी रोज सकाळी अर्ज पाठवते. बहुतेकांचे नकार जेवायच्या आत येतात.