मागून येणारं सांबर

मोहर्लीच्या गेटवर मला 'कानवाले खुशालभाऊ' म्हणतात. ही पदवी मला कोणी दिली ते आठवत नाही. बहुतेक मीच दिली असावी. सफारीच्या जिप्सी चालवणारे आम्ही पुष्कळ जण. कोणाची गाडी नवीकोरी, कोणाचं इंग्रजी फर्डं, कोणी काढलेले वाघाचे फोटो मोबाइलवर गावभर फिरतात. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. माझ्याकडे कान होते. चितळ ओरडलं की ते वाघाला घाबरलं, बिबट्याला घाबरलं की नुसतं शेजारच्या चितळाला, हे मी गाडी न थांबवता सांगायचो. पाहुणे आ वासून बघायचे आणि पुन्हा आले की खुशालचीच गाडी मागायचे.

मग डावा कान गेला. एकदम नाही, हळूहळू गेला. आधी चितळाची बारीक हाक गेली, मग वानरांचं खोकणं, मग कमळाचं बोलणं. कमळा माझी बायको. तिचं बोलणं बंद झालं तेव्हा मला फारशी अडचण वाटली नाही, म्हणून कान गेलाय हे कळायला उशीर झाला. हा विनोद मी मनातल्या मनातच करतो, कारण मोठ्यानं केला तर कान गेल्याचं कबूल करावं लागेल.

उजवा कान शाबूत आहे. पण एका कानाचं असं असतं की आवाज आला एवढं कळतं, कुठून आला ते कळत नाही. त्यात गाइड बसतो चालकाच्या डाव्या हाताला. म्हणजे ज्याचं ऐकायचं, तोच माझ्या मेलेल्या कानाशी कुजबुजणार. मी त्यावर उपाय काढला होता. गाइड काही बोलला की मी डोळे बारीक करून लांब कुठंतरी बघायचो आणि मान डोलवायचो. एकदा एकानं विचारलं, भाऊ, पेट्रोल भरलं का? मी गंभीरपणे सांगितलं, "पाणवठ्यावर आहे, दबून बसला आहे."

चंद्रपूरला जाऊन कानात मशीन बसवता आली असती. पण 'कानवाले' माणसानं कानात मशीन घालून गेटवर उभं राहायचं म्हणजे पैलवानानं काठी टेकत आखाड्यात उतरण्यासारखं. कान नसलेला खुशाल म्हणजे स्टिअरिंगमागं बसलेला एक पोट सुटलेला माणूस, आणि असे गेटवर ढिगानं आहेत. मला दुसरं काही येत नव्हतं. त्यामुळे कान गेला तरी नाव जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच काम मी जिवापाड करत होतो.

सांबरानं मला वाचवलं. सांबराचा इशारा जाड असतो, ढांक असा, आणि तो मला अजून ऐकू येत होता. या हिवाळ्यात तर माझ्या नशिबी सांबरंच सांबरं आली. वळणावर गाडी हळू करावी, पुन्हा क्लच सोडावा, की आलाच: ढांक. मी लगेच इंजिन बंद करून बोट वर करायचो. गाडीत चिडीचूप. दिशा कळत नसली तरी हा आवाज पाठीतून आत शिरायचा, म्हणून मी ठरवून टाकलं होतं की तो मागून येतो. काही घडलं नाही की गाडी सुरू करावी, आणि निघता निघता पुन्हा ढांक. "वाघ आपल्या मागं-मागं येऊन राह्यला," असं मी हलक्या आवाजात सांगायचो. पाहुण्यांच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा, हे जास्त वाईट.

नागपूरच्या एका डॉक्टरांनी तो आवाज मोबाइलवर टिपला. सकाळची फेरी संपवून आम्ही गेटवरच्या चहाच्या टपरीवर थांबलो, तेव्हा ते ज्याला त्याला ऐकवत होते. खुशालभाऊंनी सांबर कसं ओळखलं, वाघ कसा आमच्या मागावर होता, सगळं साग्रसंगीत. मी चहाच्या कपात बघत नम्र चेहरा करून उभा होतो. तेवढ्यात विक्की आला. विक्की आमच्यातलाच एक चालक, तिशीतला, स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणारा. त्यानं मोबाइल कानाला लावला. पुन्हा ऐकलं. मग त्यानं माझ्याकडे नाही, माझ्या जिप्सीकडे बघितलं.

"भाऊ, हा सांबर तुमच्या गाडीखाली रायते," तो म्हणाला.

टपरीवर कोणीतरी हसलं. विक्की वाकून गाडीखाली शिरला आणि त्यानं शाफ्ट हातानं मागंपुढं फिरवला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक सांधा असतो, त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. क्रॉस झिजला की क्लच सोडताना शाफ्ट आधी रिकामा हिसका खातो आणि मग चाकांना धरतो. विक्कीच्या हातात तो टपरीभर ऐकू जाईल असा वाजला. खुद्द मलाही ऐकू आला.

"दोनी क्रॉस गेले. ग्रीस कवा मारलं होतं?" विक्कीनं खालूनच विचारलं.

मी म्हणालो, दिवाळीत. कोणत्या दिवाळीत ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी मोबाइल खिशात टाकला आणि पुढचा चहा स्वतःच्या गाडीत बसून घेतला. त्या दिवसापासून गेटवर माझं स्वागत बदललं. एक म्हणायचा, "भाऊ, सांबराले पानी पाजलं का?" दुसरा म्हणायचा, "पिल्लू होईल तं आमाले एक द्या." मी हसायचो. न हसून करतो काय.

गाडी चंद्रपूरच्या गॅरेजला टाकणं हा शहाणा मार्ग होता. पण गॅरेजवाल्याला कारण सांगावं लागलं असतं, आणि ती गोष्ट तिथं माझ्याआधी पोचली असणार याची मला खात्री होती. म्हणून मी नुसते दोन नवे क्रॉस आणले आणि मंगळवारी, जंगल बंद असताना, अंगणात स्वतःच कामाला लागलो. चाकांना दगड लावले, खाली पोतं अंथरलं आणि शिरलो. शाफ्ट जसा निघाला तसाच परत बसवायचा असतो, म्हणून काढण्याआधी खुणा करायच्या. खडू सापडेना, म्हणून कमळाचं नेलपॉलिश घेतलं. तिनं ते पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. ती डावीकडून बोलली, म्हणून माझा बचाव झाला.

जुने क्रॉस ठोकून काढायला खाली ठोस आधार लागतो. मी तिचा मसाला वाटायचा पाटा घेतला. या वेळी ती उजवीकडून बोलली.

जुना क्रॉस बाहेर आला तेव्हा त्यातून ग्रीसऐवजी तांबडी भुकटी सांडली. टोकं चघळलेल्या उसासारखी झाली होती. गाडीला मी रोज पुसायचो, हार घालायचो, आरशाला लिंबू-मिरची बांधायचो, पण खाली वाकून ग्रीसची पिचकारी मारायला मला वर्षानुवर्षं फुरसत झाली नव्हती. पाहुण्यांना दिसतो तेवढाच भाग मी सांभाळला होता. हे गाडीबद्दल म्हणतोय.

नव्या क्रॉसच्या चारही टोकांवर वाटीसारखे कप बसतात आणि कपाच्या आत कडेनं बारीक सुया उभ्या असतात. त्यातली एक जरी आडवी पडली तरी कप पूर्ण आत जात नाही आणि त्याचं लॉक बसत नाही. हे मला माहीत होतं. तरी लॉक बसेना तेव्हा मी सुई बघायच्या ऐवजी हातोडा मोठा घेतला. पुष्कळ वेळ ठोकल्यावर कप काढून बघितला तर सुई तळाशी आडवी, मधून वाकलेली. पुन्हा दुकान, पुन्हा नवा क्रॉस. दिवस कलता कलता शाफ्ट जागेवर चढला. खुणेला खूण जुळली, बोल्ट आवळले, ग्रीस इतकं मारलं की ते बाहेर आलं.

मी गाडी काढून रस्त्यावर चक्कर मारली. क्लच सोडला: काही नाही. वळणावर हळू केली, पुन्हा उचलली: काही नाही. गाडी लोण्यासारखी निघाली. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. मग हसू थांबलं. आवाज गेला, म्हणजे सांबर गेलं. या अख्ख्या हिवाळ्यात मी ऐकलेलं एकही सांबर खरं नव्हतं. मग खरी सांबरं कुठं गेली? ती ओरडत असणारच. मला ऐकू आली नव्हती. उजवाही कान चालला असेल, हे त्या रस्त्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आलं आणि मला भीती वाटली.

बुधवारी सकाळच्या फेरीला साधना गाइड होती. आमच्याच गावची, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, कमी बोलणारी. पाहुणे साताऱ्याचे, आई-वडील आणि कॉलेजातली मुलगी. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की खुशालभाऊंचे कान म्हणजे कान. गाडीखालच्या सांबराची बातमी अजून साताऱ्याकडे पोचलेली नव्हती.

नाल्याजवळच्या वळणावर मी गाडी हळू केली, क्लच सोडला, आणि आवाज आला. ढांक.

सुई. पुन्हा सुई आडवी पडली, दुसरं काय. मी इंजिन बंद केलं. पाहुण्यांनी श्वास रोखले. पुन्हा ढांक. मी मागं वळून म्हणालो, "माफ करा, हा गाडीचा आवाज आहे. आत्ता बघतो." आणि दार उघडून एक पाय खाली टाकला. जंगलात गाडीतून उतरायचं नाही, हा नियम मी दर फेरीला पाहुण्यांना तोंडपाठ म्हणून दाखवतो.

साधनानं माझी कॉलर धरून मला आत ओढलं. ती बोलत होती ते मला नीट कळलं नाही, म्हणून तिनं माझा चेहरा स्वतःकडे वळवला आणि सावकाश म्हणाली, "भाऊ, गाडी बंद आहे."

गाडी बंद होती. उभ्या गाडीचा क्रॉस वाजत नाही, हे अंगणातल्या कोंबडीलाही कळलं असतं. ते सांबर होतं. खरंखुरं, चार पायांचं, आणि मला ते ऐकू आलं होतं. माझे डोळे भरून आले, आणि दार अजून उघडंच होतं. साधनानंच वाकून ते ओढून घेतलं.

मागून मुलीनं हळूच विचारलं, "काका, कुठून ओरडतंय?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. इथं डोळे बारीक करून लांब बघायचं असतं आणि बोट कुठंतरी दाखवायचं असतं. बोट अर्धं वर गेलंही. पण वाघ उजवीकडं असला आणि मी डावीकडं वळलो तर, किंवा उलट, तर हे लोक आयुष्यात एकदा आलेत आणि माझ्या नावापायी रिकामे जातील. माझं नाव तेवढ्या किमतीचं नव्हतं. मी बोट खाली घेतलं.

"मले नाई समजत," मी साधनाला म्हणालो. "एका कानानं ऐकू येत नाई. तूच सांग, कुठून."

तिनं आश्चर्य दाखवलं नाही. ती सीटवरून उठली, माझ्या मानेमागून पलीकडे वाकली आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "डाव्या अंगानं, नाल्यात."

कोणता कान, ते मी तिला सांगितलं नव्हतं. म्हणजे तिला माहीत होतं. तिला माहीत होतं म्हणजे विक्कीला होतं, टपरीवर सगळ्यांना होतं. माझ्या गाडीवर, पोटावर, सांबरावर पोट धरून हसणाऱ्या त्या माणसांनी कानाबद्दल मात्र एक शब्द काढला नव्हता. मी ज्यांच्यापासून लपवत होतो, तेच माझ्यासाठी लपवत होते. मला लाज वाटली आणि फार बरं वाटलं. मी गाडी सुरू केली आणि तिनं सांगितलं तिकडं, डावीकडं वळवली.