बावीस वर्षांचे रविवार

बिजागरीचा शेवटचा स्क्रू पिळता पिळता लिफ्ट मेकॅनिकच्या तोंडून ते निघून गेलं. "उस्ताद, त्या दिवशी मेन स्विच मी चालू केला होता."

खाटेवर बसलेल्या उस्तादांनी चहाचा घोट गिळला. "माहीत आहे," ते म्हणाले.

मेकॅनिकने वळून पाहिलं. बावीस वर्षांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात खाली कुणी आहे का, हे न बघता त्याने स्विच ओढला आणि त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा उजवा हात पुलीत गेला. चौकशीत खापर जुन्या वायरिंगवर फुटलं, आणि याने तोंडाला कुलूप लावलं. तेव्हापासून दर रविवारी चर्च सुटलं की तो या घरी येऊन राबे. नळ, पंखा, दार, काहीही. आज मात्र त्याच्या लूथरन चर्चमधल्या पास्टरबाई म्हणाल्या होत्या, की देवाची कृपा राबून मिळत असती तर ती मजुरी झाली असती. माणसाने नुसतं घ्यायचं आणि विसावायचं. ते कुसळासारखं टोचत राहिलं होतं.

"कधीपासून माहीत आहे?"

"तेव्हापासूनच. खालून तुझे बूट दिसले होते. चार दिवस तुला शिव्या घातल्या, पाचव्या दिवशी माफ केलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"अरे, माफ केल्यावर त्याची काय दवंडी पिटायची?"

मेकॅनिकच्या डोक्यात सणक गेली. "आणि बावीस वर्षं मला राबवून घेतलंत!"

उस्तादांनी कप बशीत ठेवला.

"राबवून? तू दुरुस्त केलेल्या निम्म्या वस्तू तुझी वहिनी दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्यायची. तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही." त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटायचं, तू आम्हाला भेटायला येतोस."

हातातला स्क्रू ड्रायव्हर कुठे पडला, ते मेकॅनिकला कळलं नाही. तो तसाच निघून गेला.

पुढच्या रविवारी दार वाजलं. वहिनींनी सांगितलं, आज काही बिघडलेलं नाही. त्याने मान डोलावली आणि आत येऊन खुर्चीत बसला. उस्तादांनी रेडिओ लावला. थोड्या वेळाने त्याची मान एका बाजूला कलली. तो घोरायला लागला.

वहिनी त्याला उठवायला निघाल्या. उस्तादांनी नको अशी खूण केली आणि रेडिओचा आवाज कमी केला.