अंगठा वर करा

माझ्या सासूबाईंचे गुडघे एकमेकांशी भांडतात, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. त्या उभ्या राहिल्या की दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांना घासायचे आणि पावलं मात्र दोन दिशांना तोंड करून. नाव भागुबाई. मी त्यांना आत्या म्हणते. मखमलाबादला आमचा मळा, त्यात शेवंती, अष्टर, निशिगंध. सकाळी तोडलेली फुलं घेऊन आत्या पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी बसायच्या आणि तिथेच गुंफून विकायच्या.

झेंडूचा हार सुईने ओवतात. तो कुणीही ओवेल, मीसुद्धा ओवते. आत्यांचं नाव होतं ते गाठीच्या हारांसाठी. उजवा पाय पुढे पसरायचा, दोऱ्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, दोरा ताणायचा आणि एकेक फूल ठेवून गाठ मारत जायचं. बघणाऱ्याचं लक्ष हातांकडे असतं, पण निम्मं काम अंगठा करतो. गाठ बसताना तो मागे होऊन ताण देतो, फूल ठेवताना पुढे होऊन ढील देतो. आत्यांचा हार संध्याकाळपर्यंत सैल पडत नसे. लग्नाच्या हारांसाठी लोक त्यांना शोधत यायचे, आणि त्या गिऱ्हाइकाला एक तरी टोमणा मारल्याशिवाय हार देत नसत. "नवरदेव एवढाच हाय का? मग हार आखूड करते." गिऱ्हाईक हसत पैसे देऊन जायचं.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर मात्र उजवा गुडघा पार बसला. रिक्षातून उतरताना त्या ओठ चावायच्या, पण तोंडातून आवाज काढायच्या नाहीत. त्या गप्प असल्या की घर घाबरतं. धनराज, म्हणजे माझा नवरा, त्यांना डॉ. देवऱ्यांकडे घेऊन गेला. डॉक्टर मूळचे बागलाणातल्या नामपूरचे, बोलायला शांत आणि अगदी शुद्ध, पण भान सुटलं की तोंडातून अहिराणी निघते. त्यांनी सांगितलं, गुडघ्याचा सांधाच बदलावा लागेल.

"म्हणजे वाटी बदलणार?" आत्यांनी विचारलं.

"वाटी, तिच्या मागचं, सगळंच, मावशी. धातूचं बसवतो."

"स्टीलचं बसवा. पितळ कळकतं."

डॉक्टर हसले. ऑपरेशन झालं, पायही बाणासारखा सरळ झाला. इतक्या वर्षांनी आत्यांचा एक गुडघा दुसऱ्याशी भांडायचा थांबला, म्हणून आम्ही पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नर्स घाईघाईत वॉर्डात आली. थंडीचे दिवस, आत्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढलेली. नर्स म्हणाली, "आजी, अंगठा वर करा."

आत्यांनी चादरीतून हाताचा अंगठा बाहेर काढला. तलाठ्यापासून पतपेढीपर्यंत, जन्मभर ज्याने त्याने त्यांच्याकडे तेवढंच मागितलं होतं. वर त्यांनी विचारलं, "शाई कुठंय?"

सगळा वॉर्ड खदखदून हसला. नर्सही हसली आणि हसत हसत पुढच्या खाटेकडे गेली. पायाकडची चादर कुणी उचललीच नाही.

ती उचलली डॉक्टरांनी, त्याच्या पुढच्या सकाळी. ते आदल्या दिवशी बाहेरगावी होते. त्यांनी आत्यांच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला आणि म्हणाले, "हा वर करा." अंगठा हलला नाही. पाऊलही हललं नाही, नुसतं पुढे लोंबत राहिलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "दुखस का?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "नाय. काहीच कळत नाय तिथं." डॉक्टरांनी कात्री मागवली, घट्ट पट्टी तिथल्या तिथे कापली आणि गुडघ्याखाली उशी सारून पाय थोडा वाकवला.

मग ते स्टूल ओढून खाटेजवळ बसले आणि आम्हा तिघांना सगळं सांगितलं. पाय वर्षानुवर्षं आत वळलेला होता, तो एकदम सरळ केल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची शीर ताणली जाते. तीच शीर पाऊल आणि अंगठा वर उचलते. कधी ताणाने दुखावते, कधी पट्टीच्या दाबाने. "कशाने झालं ते मला सांगता येणार नाही, मावशी. पण काल तुमचा पाय नीट बघितला गेला असता तर पट्टी कालच सुटली असती. ती चूक आमची आहे. शीर परत येईल, नाही तर येणारही नाही."

माझा राग नाकावर असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी तोंडाचा पट्टा सोडला. त्या नर्सला इथे उभी करा म्हणाले, दवाखान्याच्या दारात बसते म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकदाही "पण" म्हटलं नाही, त्यामुळे मला आणखीच चीड आली.

"पल्ले," आत्या म्हणाल्या, "तुझ्या भांडण्यानं अंगठा हलणार असंल तर भांड. मी पण भांडते तुझ्यासंगं. नाय तर पाणी दे."

मी पाणी दिलं. दुसरं काय करणार होते?

पुढचे महिने वाईट गेले. गुडघ्याचं दुखणं गेलं होतं, हे खरंच. पण पाऊल लोंबायचं, म्हणून पिंडरीला पट्ट्याने बांधायचा प्लास्टिकचा साचा दिलेला. तो नसला की चप्पल रस्त्यात राहायची आणि आत्या पुढे जायच्या. चालताना पाय उंच उचलावा लागे. बाजारातली सुलाबाई, त्यांची शेजारीण, म्हणाली, "भागे, वरातीतल्या घोड्यावानी चालती तू." आत्या म्हणाल्या, "मग नवरदेव आण की!" बाजार हसला. घरी आल्यावर मात्र त्या दोऱ्याचा फास उजव्या अंगठ्यात अडकवायच्या, ओढायच्या, आणि फास निसटायचा. पुन्हा अडकवायच्या, पुन्हा निसटायचा. एकदा मी बघते आहे हे त्यांना कळलं आणि त्यांनी दोरा माझ्या अंगावर फेकला. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं आणि मला फार भीती वाटली.

धनराजने पाटाला खिळा ठोकून दिला आणि म्हणाला, याला दोरा बांध. आत्यांनी दोन हार केले आणि पाट बाजूला सारला. "खिळा नुसता धरतो. देत नाय."

मग त्यांनी डावा अंगठा घेतला. ऐकायला सोपं वाटतं. पण दोरा दुसऱ्या अंगाने आला की हातही उलटे चालवावे लागतात. जन्माची सवय मोडून त्या पहिलीच्या पोरीसारख्या नव्याने शिकायला बसल्या. सुरुवातीचे हार इतके वेडेवाकडे, की आम्ही ते म्हशीच्या गळ्यात घातले. आत्या म्हणाल्या, "म्हस बघ कशी लाजली." आणि पुढचा हार घेतला. सिंहस्थ आला तेव्हा पंचवटीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि आत्या खुर्चीवर बसून, डावा पाय खोक्यावर टेकवून, डाव्या अंगठ्यावर हारांमागून हार गुंफत होत्या. मी फुलं निवडून देत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई काय चीज आहे!

डॉ. देवरे दर खेपेला उजवा अंगठा तपासायचे. वर्षभरात पाऊल बरंचसं उचलायला लागलं, साचा सुटला. अंगठा निम्माच आला. नुसता उचलायला येई, पण दोऱ्याचा ताण सोसण्याएवढं बळ त्यात आलं नाही.

आणि मग डावा गुडघा गेला. इतके दिवस सगळा भार त्याच्यावरच होता. दोन हजार चारच्या पावसाळ्यात आत्या भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जायच्या आणि परत येताना वाटेतच खाली बसायच्या. आत्यांचा बाजार बंद झाला.

धनराज म्हणाला, "आई, ऑपरेशन नको. डावा अंगठा गेला तर तुझ्या हातात काय राहील? मी फुलं घरी आणून देतो, तू बसून गुंफ, मी नेऊन विकतो."

"फुलं घरी आणशील. गिऱ्हाईकं पण आणशील का? मी बोलायचं कुणाशी, म्हशीशी?"

त्या विषयावर घरात आठवडाभर धुसफूस चालली. मी पहिल्यांदाच नवऱ्याच्या बाजूने होते. त्या डाव्या अंगठ्यासाठी त्यांनी काय सोसलं ते मी बघितलं होतं. पण आत्यांनी नवं लुगडं नेसलं, रिक्षा बोलावली आणि आम्हाला घेऊन डॉ. देवऱ्यांसमोर जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी डावा गुडघा बघितला आणि नको म्हणाले. "मावशी, हाही तसाच आत वळलेला आहे. धोका तोच आहे. मी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. तिथे करा."

"तुम्हाला येत नाय का?"

"येतं."

"मग?"

डॉक्टरांनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. मी त्यांच्याकडे बघत होते. हा माणूस घाबरलाय, हे मला तेव्हा कळलं, आणि का कोण जाणे, त्यांच्यावरचा उरलासुरला राग तिथेच निवला.

आत्या म्हणाल्या, "मुंबईचा डॉक्टर लय मोठा असंल. पण त्याच्यासाठी मी एक म्हातारी. माझा अंगठा गेला, तेव्हा तुमच्या तोंडचं पाणी पळालं होतं, मी पाह्यलंय. तुम्ही माझा पाय इसरणार नाय. मला असाच डॉक्टर पाहिजे."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "एका अटीवर. पाय पूर्ण सरळ करणार नाही. थोडा वाकडा राहील, पण शीर ताणणार नाही."

"राहू द्या. मला काय लग्नाला उभं राहायचंय?"

ऑपरेशन सकाळी झालं. कमरेखाली भूल दिलेली, त्यामुळे आत्या जाग्या होत्या, पण दोन्ही पाय बधिर. यावेळी चादर फक्त पोटापर्यंत होती. पट्टी सैल, गुडघ्याखाली उशी, दोन्ही पावलं उघडी. डॉक्टर स्टूल घेऊन पायथ्याशी बसले. मध्ये उठून दुसरे पेशंट बघायचे आणि परत येऊन बसायचे. घरून आलेला त्यांचा डबा खिडकीत तसाच पडला होता. नर्सने दोनदा विचारलं. ते "बघू" म्हणाले.

दुपार कलायला लागली. डॉक्टर कापसाचा बोळा पावलांवरून फिरवून विचारायचे, "कळतंय?" आत्या मान हलवून नाही म्हणायच्या. धनराज बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होता, त्याला आत थांबवेना. मी आत्यांचा हात धरला होता. तो गार पडला होता. वरून त्या म्हणत होत्या, "हात सोड गं, घाम आलाय तुला," पण घाम त्यांचाच होता.

मग उजवा अंगठा हलला. तोच, निम्मा आलेला. डॉक्टर पुढे वाकले. "आता डावा. मावशी, डावा वर करा."

डावा हलला नाही.

आत्यांनी दात आवळले, मानेच्या शिरा ताणल्या. काही नाही. डॉक्टर म्हणाले, "भूल उतरायला वेळ लागतो, एकेका पायाला कमीजास्त लागतो." ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. मी मनात नाही नाही ते नवस बोलले. नळावर कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज मला सहन होईना. आत्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, त्यांनी आशा सोडली.

डॉक्टरांनी पुन्हा अंगठ्याला बोट लावलं. "मावशी, एकदा अजून."

अंगठा वर आला. अगोदर थोडासा. मग पूर्ण, ताठ, नखासकट छताकडे.

"हाली रायना!" डॉक्टर अहिराणीत ओरडले. "हाली रायना, हाली रायना!" शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली. धनराज धावत आत आला आणि आईच्या पावलाला धरून हुंदके द्यायला लागला. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती.

आत्यांनी डोळे उघडले. पायाकडे पाहिलंच नाही. त्या डॉक्टरांच्या पाठीकडे बघत होत्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "सकाळधरनं उपाशी हायेत तुम्ही. तो डबा उघडा आधी. आन् पल्ले, त्यांना हात धुवायला पाणी दे."

मी उठले आणि तांब्या भरून त्यांच्या हातांवर पाणी घातलं.