राखेखालची माती

वणवा विझून तीन महिने झाले होते आणि दादाचं कुटुंब माझ्या सहीवर घरी परतलं होतं. ‘उतारावरची माती पाणी शोषते, राहण्यास हरकत नाही,’ असं माझ्या अहवालात लिहिलं होतं. त्यामुळे नव्या मोजणीसाठी घरामागच्या चढावर मी गुडघे टेकले, तेव्हा दादा दारात उभा राहून टिंगल करत होता.

“काय गं, मातीची नाडी लागते का?”

“लागते. तू गप्प बस.”

चाचणी साधी असते. पाण्याचा थेंब सोडायचा आणि तो मुरेपर्यंत सेकंद मोजायचे. पाचाच्या आत मुरला की ठीक. राखेत तो क्षणात नाहीसा झाला. मागच्या वेळीही झाला होता. उठताना माझा पाय घसरला, टाचेने राख खरवडली गेली. खालची माती कोरडी ठणठणीत होती. सकाळीच तर सर पडून गेली होती.

खुरप्याने दोन बोटं राख बाजूला सारून मी दुसरा थेंब सोडला. तो मण्यासारखा उभा राहिला. पाच. वीस. साठ. जळत्या पाल्यातलं मेण वाफ होऊन खाली उतरतं आणि मातीच्या कणांवर बसतं, हे मी दरवर्षी शिकवते. तपासली मात्र राखच होती.

कड्यावर ढग दाटले होते. पाणी मुरणार नाही, म्हणजे राख, दगड, जळके ओंडके घेऊन वाहणार. वाटेतलं पहिलं घर हेच.

“दादा, घर सोडायचं. आत्ता.”

“अगं, सही तुझीच ना?”

“माझीच. चुकले मी.”

तो हसला नाही. वहिनी बाहेर येऊन थेंबावर वाकली. “कधीचा आहे हा?”

“चार मिनिटं झाली.”

“आईंची औषधं घेते,” म्हणून ती आत वळली.

गाडी बाहेर काढत दादाने विचारलं, “परत कधी यायचं?”

“हा थर वर्षा-दोन वर्षांत विरतो. पण तोवर जळक्या मुळ्या कुजतात आणि उतार धरायला काही उरत नाही. माहीत नाही, दादा.”

“बस लवकर.”

“तुम्ही निघा.”

गल्लीत आणखी अकरा घरं होती आणि प्रत्येक घरात माझा तोच अहवाल होता. पहिल्या दारावर थाप मारली, तेव्हा मनगटावर टपोरा थेंब पडला. सवयीने मी मोजू लागले.