फुंकरबाबाची बाटली

भिलाईच्या नेहरू नगरातल्या मंडपात सकाळपासून दारुड्यांची झुंबड उडाली होती. फुंकरबाबा प्रत्येकाच्या हाती नितळ पाण्याची बाटली देत आणि नळी घालून फुंकायला लावत. फुंकताच पाणी दुधासारखं पांढरं! "निघाली, नसानसांतली दारू निघाली!" बाबा गरजत. मंत्र चालू, फुंकणं चालू, आणि घटकाभरात पाणी पुन्हा नितळ. झाला माणूस शुद्ध.

भिलाईच्या माणसाला हे लगेच पटलं. स्टील प्लांटच्या गेटवर मशीनमध्ये फुंकलं की पिणारा पकडला जातो, हे त्याच्या सवयीचं. मग बाबांची बाटली तिच्याही पुढची मशीन असणार! क्रेन चालवणाऱ्या सुगतनेही हाच हिशेब केला. कामात तो पक्का, पण संध्याकाळी बाटली दिसली की संपला. दहावीतल्या दामिनीने, त्याच्या लेकीने, बापाशी बोलणंच टाकलं होतं. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून बायको रीना, दामिनी आणि आई गिरजाबाईला घेऊन तो रांगेत उभा राहिला. बाबासाहेबांनी बुवाबाजीतून बाहेर काढलं अन् पोरगा परत तिथंच शिरून राहिला, असं गिरजाबाई वाटभर कुरकुरत होती.

सुगतने फुंकलं. पाणी पांढरं झालं, नितळ झालं, त्याचे डोळे भरून आले. गिरजाबाईने शेजारची बाटली उचलली. "मले बी फुकू दे. म्या जन्मात थेंब चाखला नाही."

पाणी पांढरंफटक! मंडपात खसखस पिकली. पोराचं पाप आईत उतरतं, असं बाबांनी ताबडतोब शोधून काढलं. तेव्हा दामिनीने तिसरी बाटली बाबांपुढेच धरली. "आता तुम्ही फुका."

सकाळपासून तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या बाबांना नेमकं तेव्हाच मौनव्रत आठवलं.

मग पोरीनेच उलगडून सांगितलं. ही चुन्याची निवळी. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती पांढरी होते आणि फुंकतच राहिलं की पुन्हा नितळ होते. गेटवरची मशीन दारू ओळखते, या बाटलीला पिणारा आणि न पिणारा सारखाच.

सुगतने हातातली बाटली खाली ठेवली. "म्हंजे माही दारू गेलीच नाही?"

"नाही, पप्पा." कित्येक महिन्यांनी ती त्याच्याशी बोलली. "पण तुमाले सोडाची हाय, हे तर खरं हाय ना?"

सोमवारी सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टर नूतन यांनी सांगितलं की व्यसन हा आजार आहे. रोज पिणाऱ्याने मनानेच एकदम सोडू नये, त्याने जिवावर बेतू शकतं; औषध विचारून घ्यावं आणि दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला येत राहावं. घरच्यांची बैठक वेगळी असते, कारण झळ त्यांनाही लागलेली असते. सुगतने विचारलं, शुद्ध कधी होईन? शुद्धबिद्ध काही नसतं, त्या हसून म्हणाल्या, औषध घ्यायचं, आज प्यायची नाही आणि उद्या परत यायचं.

अहो, फुंकून दारू जात असती तर चुलीपुढे फुंकणाऱ्या बायांनी गावंच्या गावं सुधारली असती. आजाराला डॉक्टर लागतो आणि घरच्यांची साथ लागते. पहिल्या बैठकीत सुगत उभा राहिला. "मी पितो. मले मदत पायजे," तो म्हणाला. एवढं म्हणायला कुठलाही बाबा लागत नाही.